केशवराव भोसले नाट्यगृह : तालमीशेजारचा रंगमंच

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात खासबाग परिसरातून धुराचे लोट उठू लागले, तेव्हा शहराच्या चारी बाजूंनी माणसे तिकडे धावली. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांच्या नावाचे हे नाट्यगृह त्या केशवरावांची जयंती. रंगमंच, छत, पडदे, खुर्च्या असे सारे आतून जळून गेले आणि सकाळी उरल्या त्या काळवंडलेल्या दगडी भिंती व दर्शनी भाग. जयंतीला जमलेल्या कलावंतांना अभिवादन करावे लागले ते या भिंतींसमोर उभे राहून.

त्या रात्री हळहळणाऱ्यांत नाटकवाले होते यात नवल नाही. पण वर्षातून एकदाही नाटकाचे तिकीट न काढणारी माणसेही तितकीच अस्वस्थ झाली होती. एखाद्या शहरात सभागृह जळते तेव्हा बातमी होते, चौकशी लागते, चार दिवसांनी विषय मागे पडतो. कोल्हापुरात तसे झाले नाही. या इमारतीचे आणि शहराचे नाते नेमके कशाचे, हे समजून घ्यायचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते आणि सुरुवात नाटकापासून नव्हे, तर कुस्तीपासून करावी लागते.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. मध्ये रिंगण आणि सभोवार चढत गेलेली बैठक, म्हणजे कोठेही बसले तरी खेळ दिसणारच, ही रचना त्यांच्या मनात भरली. स्वतः कुस्तीचे जाणकार असलेल्या महाराजांनी कोल्हापुरात त्याच कल्पनेवर मैदान उभारले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पूर्ण झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि भोवती हजारो माणसे सामावतील असा उतार. या मैदानाला लागूनच ९ ऑक्टोबर १९१३ रोजी नाट्यगृहाच्या बांधकामास प्रारंभ झाला व १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते पूर्ण झाले. नाव ठेवण्यात आले पॅलेस थिएटर. मध्ये खांब नसलेले प्रेक्षागृह हे त्याचे वैशिष्ट्य. आज त्याचे कौतुक वाटणार नाही, पण खांबाआड बसून अर्धे नाटक ऐकण्याचीच सवय असलेल्या त्या काळातील प्रेक्षकाला ती मोठी चैन होती.

मैदान आणि नाट्यगृह शेजारी-शेजारी आले ही जागेची सोय नव्हती, असे मानण्यास आधार आहे. नाट्यगृहाच्या पाठीशी खासबागेकडे तोंड केलेला मंचही होता. म्हणजे एका बाजूला छताखालचे नाटक आणि दुसऱ्या बाजूला मैदानातील उतारावर बसलेल्या अफाट जनसमुदायासमोर होऊ शकणारा खुला प्रयोग. तिकिटाचे पैसे ज्याच्या खिशात नाहीत, त्यालाही नाटक पाहता यावे ही दृष्टी त्यामागे दिसते. मैदानावर उघड्यावर झालेल्या संगीत नाटकांच्या आठवणी जुने कोल्हापूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २०२४ च्या आगीत मैदानाच्या बाजूचा हा मंचही वाचला नाही.

मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांहून कोल्हापूरचे नाट्यगृह वेगळे पडते ते येथे. मुंबईत नाट्यगृहे ग्रँट रोडवर पारशी मालकांच्या व्यवसायातून उभी राहिली, पुण्यात नाटक पेठांतील शिक्षित मध्यमवर्गाच्या हाती वाढले. कोल्हापुरात ते तालमीच्या शेजारी, दरबाराच्या आश्रयाने आणि पेठांतील कष्टकऱ्यांच्या साक्षीने वाढले. दुपारी मैदानात चितपट कुस्तीला आरोळी ठोकणारा माणूसच रात्री नाट्यपदाला ‘वन्समोअर’ देत असे. त्यामुळे येथील रसिकाची भाषाही अर्धी आखाड्यातली. दोन गायक नट समोरासमोर आले की ‘जोड लागली’, एखाद्याने तान मारून टाळ्या घेतल्या की ‘मैदान मारले’, आणि पहिल्या अंकात नुसता अंदाज घेत राहिला तर ‘अजून खडाखडीच चाललीय’. पुणेकर समीक्षकाला हे ग्राम्य वाटेल. वाटो बापडे! गाण्यातला दम ओळखायला याहून नेमके शब्द मिळणे कठीण आहे.

या दोन जगांचे मिश्रण मराठी माणसाला नंतर साहित्यातून आणि पडद्यावरूनही भेटले. कोल्हापूरजवळच्या कागलचे आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीचा नायक गुणा हा कसलेल्या शरीराचा, कुस्तीच्या मातीतला गडी. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. जानेवारी २०१० मध्ये त्यावर चित्रपट आला आणि तो महाराष्ट्रभर गाजला. बाहेरच्यांना त्यातील विरोधाभास धक्कादायक वाटला. कोल्हापूर परिसरातील वाचकाला तो विरोधाभास ओळखीचा होता, कारण एका भिंतीच्या अलीकडे हौदा आणि पलीकडे रंगमंच हे दृश्य तो लहानपणापासून पाहत आला होता.

आता नावाविषयी. केशवराव भोसले हे नाव महाराष्ट्राला माहीत आहे, पण पुसटसे. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती हलाखीची, शिक्षण जवळजवळ नाहीच. बालवयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकात शारदेच्या भूमिकेत गाजले. १८९९ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक जरठ-कुमारी विवाहावर होते. त्यातील कोवळ्या मुलीची व्यथा खरोखरच एका कोवळ्या मुलाच्या गळ्यातून ऐकताना प्रेक्षक हेलावून जात. १ जानेवारी १९०८ रोजी, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. या वयात आजची मुले महाविद्यालयाच्या एकांकिकेत तिसऱ्या शिपायाच्या कामासाठी रांगेत उभी असतात.

केशवरावांचा आवाज उंच पट्टीचा, धारदार आणि दूरवर जाणारा. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या श्रेष्ठ गवयाचे मार्गदर्शन त्यांच्या मंडळीला लाभले. पण केवळ गाण्यावर विसंबून राहणारे ते नव्हते. मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचे आणि ‘संन्याशाचा संसार’ हे धर्मांतराच्या प्रश्नावरचे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले. पौराणिक नाटकांवर हमखास गल्ला जमत असताना सामाजिक विषयांना हात घालणे हे धाडस होते. चित्रकार पु. श्री. काळे यांच्याकडून त्यांनी नेपथ्य सजवून घेतले आणि प्रेक्षकाला राजवाड्याऐवजी ओळखीचे घर दाखविले.

या केशवरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी ‘जोड’ मात्र कोल्हापुरात लागली नाही, ती मुंबईत लागली. ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक, दोन गायकी, दोन चाहतावर्ग प्रथमच एका रंगमंचावर आले. तिकिटांसाठी उडालेली झुंबड आणि भारलेले प्रेक्षागृह यांची वर्णने तेव्हापासून मराठी नाट्यविषयक लेखनात पुन्हा पुन्हा येतात. कोणी सरस ठरले, यावर आजही वाद घालणारे भेटतात. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. वय अवघे ३१. पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजही गेले. नाट्यगृह बांधणारा राजा आणि पुढे ज्याचे नाव त्याला मिळाले तो नट, दोघे एका वर्षाच्या आत निघून गेले.

बालगंधर्वांना दीर्घ आयुष्य लाभले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचल्या, २०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. केशवरावांचा मागे उरलेला आवाज त्या मानाने अत्यल्प. बापूराव पेंढारकर आणि नंतर भालचंद्र पेंढारकर यांनी ‘ललितकलादर्श’ पुढे नेली. पण सामान्य माणसाच्या जिभेवर केशवराव राहिले ते मुख्यतः एका इमारतीच्या नावामुळे. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५७ मध्ये पॅलेस थिएटरचे नामकरण केशवराव भोसले नाट्यगृह असे करण्यात आले. राजवाड्याशी जोडलेले नाव जाऊन तेथे गावातल्याच एका गरीब घरच्या मुलाचे नाव लागले. पुण्यात १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले, त्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. कोल्हापूरकर त्याचा उल्लेख आता ‘केशवराव भोसलेला नाटक आहे’ असा करतात, जणू त्या नावाच्या माणसाच्या घरीच कार्यक्रम आहे. जुनी मंडळी मात्र अद्याप ‘पॅलेस’ म्हणतात आणि नातवंडांच्या कपाळावर आठ्या पडतात.

या रंगमंचीय परंपरेचा एक धागा चित्रपटाकडे जातो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू प्रथम ओळखले गेले ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे म्हणून. केशवरावांसाठीही त्यांनी पडदे रंगविले. रंगविलेल्या पडद्यावरून हलत्या चित्रांच्या पडद्याकडे बाबूराव वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी केलेले व्ही. शांताराम याच कंपनीत शिकले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. मराठी चित्रपटाचे जन्मगाव म्हणून कोल्हापूरचा उल्लेख होतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या आधीचा तो कुंचला आणि त्या कुंचल्याला काम देणारी नाटक मंडळी सहसा विसरली जाते.

स्वातंत्र्यानंतर संगीत नाटकांचा बहर ओसरला, तरी नाट्यगृह ओस पडले नाही. मुंबईच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे येत राहिले. (कोल्हापूरचा प्रयोग म्हटला की नटमंडळींच्या चेहऱ्यावर येणारा उत्साह केवळ प्रेक्षकांमुळे नसून प्रयोगानंतरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामुळेही असतो, हे उघड गुपित आहे.) हौशी संघांच्या राज्य नाट्य स्पर्धा, वाद्यवृंद, लावणीचे कार्यक्रम, शास्त्रीय गायनाच्या मैफली, व्याख्याने आणि शाळांची स्नेहसंमेलने यांनी वर्ष भरलेले असे. आमच्या मते या इमारतीचे लोकजीवनातील खरे स्थान मोठ्या नावांपेक्षा या यादीच्या शेवटच्या टोकात आहे. दुसरीतल्या मुलीने झाड होऊन जेथे उभे राहायचे आणि आईबापांनी खालून हात हलवायचा, तोच रंगमंच थोर नटांच्या पायांखालचाही असायचा. शहरातील असंख्य माणसे आयुष्यात एकदा का होईना, त्या फळ्यांवर उभी राहिली होती. बाहेर आले की खाऊ गल्ली आणि भेळ ठरलेली. जळाले ते हे.

आता थोडे तांत्रिक, कारण पुनर्बांधणीच्या चर्चेत याच गोष्टी मागे पडतात.

जुन्या नाट्यगृहांना आगीचे भय का असते? रंगमंच लाकडी, विंगा आणि पडदे कापडी, वर दोर आणि दिव्यांच्या तारांचे जाळे. रंगमंचावरील उंच पोकळी धुराड्यासारखे काम करते. ज्वाला वर खेचल्या जातात आणि छताखालून प्रेक्षागृहाकडे पसरतात. शिकागोच्या इरोक्वा थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी खेळ चालू असताना आग लागली, तेव्हा रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये सोडावयाचा अग्निरोधक पडदा अर्ध्यावरच अडकला आणि सहाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर बाहेर उघडणारी दारे, अडथळारहित मार्ग, न जळणारा पडदा यांचे नियम जगभर कडक झाले. कोल्हापुरात आग लागली तेव्हा आत प्रयोग चालू नव्हता, हे सुदैवच म्हणायचे. नवे बांधकाम करताना लाकूड, कापड व तारा यांची व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीसारखी ठेवता येणार नाही, याबद्दल दुमत नसावे.

अडचण आवाजाची आहे. ही वास्तू ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातील. नटाचा उच्चार आणि पायपेटी-तबल्याची साथ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची ती केवळ इमारतीच्या बळावर. दगडी भिंत आवाज परतवते. लाकडी फळ्यांचा पोकळ रंगमंच त्याला भर देतो. माणसांनी भरलेले प्रेक्षागृह जादा घुमारा शोषून घेते. या तिन्हींचा तोल साधला की शब्द स्पष्ट राहतो आणि सूरही कोरडा वाटत नाही. फळ्यांच्या जागी काँक्रीट आले, छताखाली आवाज शोषणारे तक्ते बसले, जाड गादीच्या खुर्च्या आणि गालिचे आले, की नाट्यगृह गार आणि सुंदर होईल, पण तेथे गाणारा माणूस पूर्णपणे ध्वनिवर्धकाच्या स्वाधीन होईल. बाहेरून हुबेहूब आणि कानाला परके असे नाट्यगृह उभे राहण्याचा धोका असतो तो हा.

यासंबंधी व्हेनिसचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ च्या रात्री जळून भिंतींपुरते उरले. ‘होते तेथे, होते तसे’ ही लोकांची मागणी होती आणि डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडले. नक्षी, रंग, सजावट जशीच्या तशी करण्यासाठी जुने आराखडे आणि छायाचित्रे तर वापरण्यात आलीच, पण व्हिस्कोंती यांच्या १९५४ च्या ‘सेन्सो’ या चित्रपटातील, तेथेच चित्रित झालेल्या दृश्यांचाही आधार घेण्यात आला. म्हणजे लोकप्रिय कलेने जपलेली स्मृती बांधकामाच्या कामी आली. कोल्हापुरात असे एखादे गाजलेले दृश्य नसेलही. पण स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालेल्या प्रयोगाच्या चित्रफिती, नटमंडळींनी रंगपटात काढलेले फोटो शहरातील कपाटांत पडून आहेत. मागच्या कोपऱ्यातील खिडकी, विंगेतील पायऱ्या, दिव्यांच्या जागा त्यांतच सापडतील. हौशी नाट्यसंस्थांनी हा ऐवज एकत्र करून जपला पाहिजे.

आगीनंतर राज्य शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. मधल्या काळात हौशी संघांना शहरातील लहान सभागृहांची वाट धरावी लागली. जेथे रंगमंचाची खोली कमी, विंगा नावापुरत्या आणि प्रकाशयोजनेला मर्यादा, तेथे दोन अंकी नाटक बसविणे म्हणजे हौद्याऐवजी अंगणात कुस्ती खेळण्यासारखे. नेपथ्य कापून, पात्रांच्या हालचाली आखडून प्रयोग करावे लागतात आणि त्याचा परिणाम स्पर्धेतील निकालावरही होतो. या मंडळींपैकी बहुतेकांची नोकरी वा धंदा दुसराच असतो आणि तालमी संध्याकाळी उसन्या जागेत चालतात. मोठा रंगमंच हातचा जाणे त्यांच्या दृष्टीने केवळ भावनेचा प्रश्न नाही.

म्हणूनच भाड्याचा आणि तारखांचा मुद्दा बांधकामाइतकाच महत्त्वाचा ठरतो. नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचे आहे. वातानुकूलन, नवी ध्वनी व प्रकाशव्यवस्था, अग्निसुरक्षा यांचा देखभालखर्च मोठा असतो आणि तो कोठून तरी वसूल करण्याचा मोह प्रशासनाला होणारच. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशीही ही शंका होती की चकचकीत संकुलात नाटकवाल्याला परवडणारी तारीख उरेल काय. व्यावसायिक नाटकाला आणि वाद्यवृंदाला वेगळा दर, हौशी संघांना व शाळांना वेगळा, आणि स्पर्धेच्या दिवसांच्या तारखा आधीच राखीव, इतकी साधी व्यवस्था लेखी झाली तरी निम्मा प्रश्न सुटेल. दरबाराच्या खजिन्यातून बांधलेल्या वास्तूत शाहू महाराजांनी मागची बाजू मैदानाकडे उघडी ठेवली होती. लोकनियुक्त संस्थेने त्याहून कमी उदार असू नये.

त्या मागच्या बाजूविषयी मात्र चर्चा फारशी होताना दिसत नाही. दर्शनी भाग, दगडी कमानी, खुर्च्यांची संख्या यांवर सारे बोलतात. खासबागेकडे तोंड करणारा मंच पुन्हा तसाच होणार काय, झालाच तर त्यावर नाटक होणार की कुस्तीच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्यापुरताच त्याचा उपयोग राहणार, हे विचारायला हवे. मैदानातील उतार अजून शाबूत आहे. ९ ऑगस्टला, केशवरावांच्या जयंतीला, तेथे विनातिकीट ‘मृच्छकटिक’ वा ‘मानापमान’ लावले, तर पावसाची थोडी भीती आहे खरी. पण पावसात भिजत कुस्ती पाहणाऱ्या कोल्हापूरकराला छत्री उघडून नाट्यपद ऐकणे काही जड जाणार नाही.